नखाएवढ्या चिपचा बाजार

दिवाळीच्या आठ दिवस आधीपासून आमच्या सावनेरच्या बाजारात पाऊल टाकायला जागा नसते. केळवदचे, खाप्याचे, पाटणसावंगीचे लोक खरेदीला येतात. पणत्या, आकाशकंदील, कापडचोपड, मिठाई अशी ही खरेदी पूर्वापार चालत आलेली. परंतु गेल्या काही वर्षांत या खरेदीत एक असा माल शिरला आहे, की जो कोणी नाव घेऊन मागत नाही आणि ज्याचा भावही कोणी विचारीत नाही, तरी तो घरोघर जातो. तो मोबाइलच्या पोटात असतो, धुलाईयंत्राच्या पाठीत असतो, रंग बदलणाऱ्या दिव्यांच्या माळेतही असतो. त्या मालाचे नाव चिप.

आपल्या विदर्भाच्या माणसाला भावाची भाषा शिकवावी लागत नाही. अमरावतीला कापूस काय भावाने फुटला, अमक्याची संत्र्याची बाग कितीला गेली, याची चर्चा चहाच्या टपरीवर रोज होते. मग जगातल्या आजच्या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एका बाजाराची चर्चा आपण का करू नये? २०२४ या एका वर्षात जगभर ६२ हजार कोटी डॉलरांहून अधिक किमतीच्या चिपा विकल्या गेल्या. या बाजारात आपण आहोत, चांगले दोन्ही टोकांना आहोत. कोणत्या भूमिकेत आहोत, एवढेच पाहायचे आहे.

चिप म्हणजे काय?

प्रथम ही वस्तू समजून घेऊ. वाळूत आणि गारगोटीत सिलिकॉन नावाचे मूलद्रव्य असते. ते काढून इतके शुद्ध करतात, की अब्जावधी अणूंत एखादाच परका अणू राहावा. त्याचा जाड दंडगोल घडवितात आणि काकडीच्या चकत्या कराव्यात तशा त्याच्या पातळ चकत्या कापतात. थाळीएवढ्या एका चकतीवर प्रकाशाच्या साहाय्याने शेकडो नक्षीदार चौकोन छापले जातात. मग चकती कापून हे चौकोन सुटे करतात. असा एक चौकोन म्हणजे एक चिप.

त्या नक्षीत असतात ट्रान्झिस्टर. ट्रान्झिस्टर हा विजेच्या वाटेवरचा एक नळ आहे असे समजा. तो उघडतो किंवा बंद होतो, तिसरे काही त्याला येत नाही. उघडा म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य. संगणकाची सारी विद्या या दोन अक्षरांवर उभी आहे. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत पहिला ट्रान्झिस्टर चालला. १९५८ साली जॅक किल्बी यांनी विद्युत-मंडलाचे सगळे भाग एकाच तुकड्यावर घडवून दाखविले, आणि पुढच्याच वर्षी रॉबर्ट नॉइस यांनी सिलिकॉनवर ते अधिक सोयीने करण्याची रीत काढली. १९७१ साली इंटेल कंपनीने काढलेल्या ४००४ या चिपवर २,३०० ट्रान्झिस्टर होते. एनव्हिडिया कंपनीच्या २०२२ सालच्या एच-१०० या चिपवर ते ८,००० कोटी आहेत, आणि तिचा आकार मात्र टपालाच्या एखाद्या तिकिटाएवढा! माणसाने घडविलेल्या दुसऱ्या कोणत्याही वस्तूत अर्ध्या शतकात एवढी वाढ झालेली नाही.

लहान चिप मोठीला काम लावते

आता मागणी इतकी का वाढली? याचे उत्तर शोधायला अमेरिकेला जाण्याची गरज नाही. घराच्या भिंतीवरचा विजेचा मीटर पाहिला तरी पुरे.

जुन्या मीटरमध्ये एक तबकडी गरगर फिरत असे, आणि महिन्यातून एकदा माणूस येऊन आकडा टिपून नेत असे. त्यात चिपेचे काही काम नव्हते. नव्या स्मार्ट मीटरमध्ये वीज मोजणारी एक चिप, हिशेब ठेवणारी दुसरी, आकडे साठविणारी तिसरी आणि ते मोबाइलच्या जाळ्यावरून धाडणारी चौथी, अशी छोटी बिऱ्हाडेच नांदत असतात. प्रीपेड मीटरच्या कल्पनेला २०२४ साली विदर्भात पुष्कळ विरोध झाला. पुढे बिल नंतर भरण्याची पद्धत कायम ठेवून टीओडी नावाचे मीटर लागू लागले. त्या वादात आज शिरायचे नाही. आपला मुद्दा निराळा आहे. देशभर असे २५ कोटी मीटर बसविण्याचे केंद्र सरकारचे उद्दिष्ट आहे. एका मीटरने दर अर्ध्या तासाला एक नोंद धाडली, तर दिवसाच्या ४८ नोंदी झाल्या. २५ कोटी मीटरांच्या मिळून रोजच्या १,२०० कोटी नोंदी! या नोंदी कोठे जातात? कोणत्या तरी शहरातल्या मोठ्या संगणकांकडे, म्हणजे सर्व्हरकडे. तेथे त्या साठवायच्या, तपासायच्या, बिले काढायची, तर तेथेही चिपा हव्यात, आणि त्या मोठ्या हव्यात.

आपल्याच जिल्ह्यातले दुसरे उदाहरण घ्या. अमरावती रस्त्यावरील सातनवरी हे गाव ऑगस्ट २०२५ मध्ये देशातले पहिले 'स्मार्ट आणि इंटेलिजंट' गाव म्हणून जाहीर झाले. शेतातल्या मातीची ओल सांगणारे संवेदक, फवारणीसाठी ड्रोन, दुरून वैद्यकीय सल्ला अशा सोयी तेथे आणण्यात आल्या. मातीत रोवलेला संवेदक ओल मोजतो हे खरे. पण पाणी केव्हा द्यावे हे ठरविण्याचे गणित बहुधा दूरच्या सर्व्हरवर होते. म्हणजे शेतात एक लहान चिप रोवली, की दूर शहरात एका मोठ्या चिपेच्या डोक्यावर काम चढते. लहान चिप मोठीची गिऱ्हाईक आहे. म्हणून या बाजारात एकीची मागणी वाढली, की दुसरीचीही वाढते.

त्यात नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅट-जीपीटी आले, आणि माणसाशी बोलणाऱ्या यंत्रांची लाट उसळली. या यंत्रांना शिकवायला आणि चालवायला एच-१०० सारख्या चिपा हजारांनी लागतात. एनव्हिडियाची सर्व्हरकेंद्रांना होणारी विक्री जानेवारी २०२३ अखेरच्या वर्षात सुमारे १,५०० कोटी डॉलर होती. दोनच वर्षांनी ती ११,५०० कोटींवर गेली. कपाशीच्या कोणत्याही तेजीने असा उठाव पाहिलेला नाही.

सर्व्हरची भूक आणि खापरखेड्याचा कोळसा

महाराष्ट्रात ही सर्व्हरकेंद्रे प्रामुख्याने मुंबई, नवी मुंबई आणि पनवेलच्या परिसरात उभी राहिली, कारण समुद्राखालून येणाऱ्या तारा मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. पनवेल येथील योट्टा या कंपनीचे केंद्र २०२० साली सुरू झाले. २०२३च्या डिसेंबरात या कंपनीने एनव्हिडियाच्या सोळा हजारांवर चिपा घेण्याचे जाहीर केले, आणि पुढच्या मार्चमध्ये त्यांपैकी पहिल्या सुमारे चार हजार आल्या.

अशी एक चिप पूर्ण जोराने चालली, तर सातशे वॅट वीज खाते. छताचे नऊ पंखे एकदम लावल्यासारखे हे झाले. आठ चिपांचा एक संच दहा किलोवॅटपर्यंत जातो. आमच्या शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर साडेतेरा हॉर्सपॉवर, म्हणजे विहिरीवरचे पाच हॉर्सपॉवरचे जवळजवळ तीन पंप! आणि हे पंप रात्रीच्या पाळीचे नाहीत. ते आठ प्रहर चालतात, शिवाय त्यांना थंड ठेवायला निराळी वीज लागते.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली जगातल्या सर्व्हरकेंद्रांनी ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली, आणि २०३० साली हा आकडा ९४,५०० कोटी युनिटांच्या घरात जाईल. एवढे मोठे आकडे डोळ्यांपुढे उभे राहत नाहीत, म्हणून आमच्या तालुक्याच्या मापाने मोजू. सावनेर तालुक्यातील खापरखेड्याच्या औष्णिक केंद्राची क्षमता १,३४० मेगावॉट आहे. ते वर्षभर क्षणाचीही उसंत न घेता पूर्ण क्षमतेने चालले, तर सुमारे १,१७० कोटी युनिट वीज देईल. म्हणजे २०२४ साली जगाच्या सर्व्हरांना अशी पस्तीस खापरखेडी लागत होती, आणि २०३० साली ऐंशी लागतील.

सावनेर, पाटणसावंगी, सिल्लेवाडा ही आमच्याकडची कोळशाच्या खाणींची नावे. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटर लांबीची एक उच्चदाब वाहिनी १९९९ पासून विदर्भाची वीज पश्चिमेकडे नेत आहे. विजेवर तिच्या गावाचे नाव लिहिलेले नसते. म्हणून पनवेलच्या अमुक चिपेत सावनेरचा कोळसा जळतो असे कोणी म्हणू शकणार नाही. परंतु विदर्भ कोळसा जाळतो आणि कोकणपट्टी सर्व्हर चालविते, हा हिशेब ढोबळ मानाने खरा आहे. त्याची राख मात्र येथेच राहते. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला, तेव्हा ती राख आसपासच्या शेतांत आणि नदीनाल्यांत गेली. मुंबईच्या किनाऱ्यावर तिचा एक कणही उडाला नाही.

हे आपण पूर्वी पाहिले आहे

कच्चा माल येथून जायचा, पक्का माल बाहेरून यायचा आणि मधला नफा तिसऱ्याने घ्यायचा, ही कथा वऱ्हाड-नागपूरला नवी नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस बंद पडताच लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानाकडे वळल्या, आणि वऱ्हाडी कापसाला न भूतो असा भाव आला. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली, ती मुख्यतः हा माल मुंबईच्या गोदीकडे ओढून नेण्यासाठी. त्या तेजीत व्यापारी गबर झाले. पण घरच्या मागावर बसलेल्या विणकराचे काय झाले? कापूस परदेशी चालला, तसे त्याचे सूत महागले. कापसाच्या देशात विणकरालाच कापूस परवडेना. १८६५ साली युद्ध संपताच भाव कोसळले, आणि मुंबईत कित्येक पेढ्यांनी दिवाळे काढले.

आजच्या बाजारात याच चाली पुन्हा दिसतात. २०२० साली साथीच्या भीतीने मोटारकारखान्यांनी चिपांच्या मागण्या रद्द केल्या. त्याच वेळी घरून काम करणाऱ्यांनी लॅपटॉप घेतले, आणि चिपकारखाने तिकडे गुंतले. मोटारवाले परत आले, तेव्हा त्यांना रांगेच्या शेवटी उभे राहावे लागले. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुती-सुझुकीचे उत्पादन नेहमीच्या चाळीस टक्क्यांवर आले. सारी मोटार तयार, आणि काही रुपयांच्या चिपेसाठी खोळंबलेली!

२०२५च्या अखेरीस तर विणकराचीच गोष्ट पुन्हा घडली. सर्व्हरांना लागणाऱ्या स्मरणचिपांची मागणी इतकी वाढली, की कारखान्यांनी आपली यंत्रे तिकडे वळविली. साध्या संगणकाच्या आणि मोबाइलच्या मेमरीचे भाव भडकले. मायक्रॉन या मोठ्या कंपनीने तर किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला 'क्रूशल' हा छाप बंद करण्याचे डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. बडा गिऱ्हाईक दारात आला, की दुकानदार लहान गिऱ्हाइकाकडे पाठ करतो. या बाजारात लहान गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही-आम्ही, आणि स्वस्तातला मोबाइल घेऊन अभ्यास करणारा आमचा विद्यार्थी.

लहान गिऱ्हाइकांत आपली भाषाही आहे. राम गणेश गडकरी यांनी २३ जानेवारी १९१९ रोजी ज्या गावी देह ठेवला, त्या सावनेरचे नाव संगणकाच्या रूढ पद्धतीत रोमन अक्षरांनी लिहिले, तर सहा बाइट जागा घेते. देवनागरीत लिहिले, तर अठरा. साठवणुकीला ही तिप्पट फार जड नाही. परंतु बोलणारी यंत्रेही मराठी वाक्याचे इंग्रजी वाक्यापेक्षा अधिक तुकडे पाडतात, आणि प्रत्येक तुकड्यामागे चिपेला श्रम पडतात. त्याच आशयासाठी मराठीला अधिक चिप लागते, असा याचा अर्थ. हा दोष लिपीचा नव्हे. यंत्र कोणाच्या सोयीने घडविले गेले, त्याचा आहे.

जमशेटजींनी काय केले?

मग उपाय काय? पुन्हा कापसाकडेच पाहू. सारे भांडवलदार मुंबईत गिरण्या काढीत असताना जमशेटजी टाटांनी कापूस जेथे पिकतो, कोळसा जेथून जवळ आणि बाजारही जेथे आहे, ते नागपूर निवडले. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. नवी रिंग-चाती इंग्लंडातही अजून रुळली नव्हती, तेव्हा ती या गिरणीने बसवून पाहिली, आणि कामगारांना ती चालविण्यात तयार केले. कापूस विदर्भाचा होता, तसे आता सूतही विदर्भाचे झाले, आणि सव्वाशे वर्षे नागपूरच्या हजारो घरांची चूल त्यावर पेटली. २००२ साली गिरणी बंद पडली. तिच्या जागेवर आज मॉल उभा आहे, आणि तेथे परगावी घडलेल्या चिपा भरलेला माल विकला जातो.

त्याच टाटांच्या उद्योगसमूहाला फेब्रुवारी २०२४ मध्ये चिपकारखान्याची मंजुरी मिळाली. खर्च ९१ हजार कोटी रुपये, जोडीदार तैवानची पॉवरचिप कंपनी, क्षमता महिन्याला ५० हजार चकत्यांची; आणि जागा गुजरातेतील धोलेरा. त्याआधी तळेगावला येईल असे वाटलेला वेदान्त-फॉक्सकॉनचा कारखाना सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातेत जाणार असे ठरले. महाराष्ट्रात त्यावर मोठे वादंग माजले, आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. भांडण ज्याच्यासाठी, ते बाळ जन्मालाच आले नाही.

मला वाटते, 'कारखाना आम्हाला का नाही' या एकाच प्रश्नाभोवती आपण घोटाळत राहू नये. चिपकारखान्याला अतोनात शुद्ध पाणी लागते, आणि वीज डोळ्याच्या पापणीएवढा वेळ गेली, तरी घाण्यातल्या चकत्या वाया जाऊ शकतात. शिवाय कारखाना आला म्हणजे सर्वच चिपा आल्या असे नव्हे. धोलेऱ्याला ठरलेले तंत्र हे मीटर, मोटारी, घरगुती उपकरणे यांना पुरेल असे आहे. सर्व्हरांच्या अव्वल चिपा बहुतांश तैवानात घडतात, आणि त्यांची नक्षी छापणारे यंत्र जगात नेदरलँड्सची एएसएमएल ही एकच कंपनी बनविते.

देशाने या वाटेवर ठेचाही खाल्ल्या आहेत. मोहालीच्या सरकारी कारखान्यात १९८४ साली चिपा बनू लागल्या. १९८९ च्या आगीने तो कारखाना कित्येक वर्षे मागे पडला. पण त्याच मोहालीत घडलेली आणि इस्रोच्या शास्त्रज्ञांनी आखलेली 'विक्रम ३२०१' ही अवकाशयानांसाठीची चिप सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधानांना सादर झाली. छत्तीस वर्षांनी का होईना, विद्या हातची गेली नव्हती हे सिद्ध झाले.

विदर्भाचा धडा याहून जवळचा आहे. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या खेड्यात जन्मलेले आणि नागपुरात अभियांत्रिकी शिकलेले डॉ. विजय भटकर यांच्याकडे १९८८ साली पुण्यातल्या सी-डॅकची धुरा आली. हव्या त्या ताकदीचा महासंगणक द्यायला अमेरिकेने नकार दिला होता. भटकरांच्या मंडळींनी १९९१ साली 'परम ८०००' उभा केला. त्यातल्या चिपा इन्मॉस या ब्रिटिश कंपनीच्या होत्या. चिप परकी होती. पण अनेक चिपा एका जोखडाला जुंपून एकदिलाने कशा नांगरायच्या, ही अक्कल आपली होती. आणि हीच अक्कल आज सर्व्हरांच्या जगात सर्वांत महाग आहे.

परकी चिप केव्हा अडेल याचा भरवसा नसतो, हेही ध्यानात ठेवावे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने या चिपांच्या निर्यातीवर देशवार मर्यादा घालणारा नियम काढला. भारत मर्यादेतल्या देशांत होता. मे महिन्यात तो नियम मागे घेतला गेला, हे आपले सुदैव. परंतु सुदैवावर पेरणी करणारा शेतकरी शहाणा नव्हे.

आपण काय मागावे?

म्हणून सावनेरसारख्या गावाने काय मागावे? पहिली मागणी शिक्षणाची. देशात चिपांची आखणी करणारे अभियंते लाखाच्या घरात आहेत. या आखणीला चिमणीचा धूर लागत नाही, की धरणाचे पाणी लागत नाही. लागते गणित, चिकाटी आणि चांगला गुरू. आमच्या आयटीआयमध्ये मोटार बांधणे शिकवितात, तसे मीटर, संवेदक आणि सौरपंपाच्या नियंत्रकाच्या पाट्या तपासणे व दुरुस्त करणे शिकविले पाहिजे. सीताबर्डीच्या अरुंद दुकानांत सूक्ष्मदर्शकाखाली मान घालून मोबाइलची चिप उतरवून दुसरी बसविणारी मुले पाहिली, म्हणजे हाताचे कसब आपल्याकडे नाही असे कोणी म्हणणार नाही. त्या कसबाला प्रमाणपत्र नाही आणि मानही नाही, एवढीच उणीव आहे.

दुसरी मागणी हिशेबाची. सर्व्हरकेंद्रांना जमीन आणि वीज सवलतीने देताना, ज्या तालुक्यांतून कोळसा निघतो आणि जेथे राख साचते, त्यांचा वाटा त्या करारात लिहिला जावा. तिसरी मागणी मराठीची. यंत्रे मराठी शिकतील, ती आपण त्यांना पुरवू तेवढ्याच चांगल्या मराठीवर. ते काम तैवानचा कारखाना करणार नाही. ते विद्यापीठांचे, ग्रंथालयांचे आणि आम्हा मराठीच्या मास्तरांचे आहे.

लँकेशायरची मागणी चार वर्षांत ओसरली. आजची मागणी कधी ओसरेल हे सांगता येत नाही. पण प्रत्येक तेजीला उतार असतो, एवढे कापसाने आपल्याला शिकविले आहे. तेजी ओसरल्यावर माल विकणाऱ्याच्या हाती रिकामे पोते राहते, आणि विद्या घेतलेल्याच्या हाती विद्या राहते. वऱ्हाडात १८६५ नंतर रिकामी पोती पुष्कळ होती. बारा वर्षांनी एका माणसाने गिरणी काढली, तेव्हा कोठे त्यांतून सूत निघाले. या वेळी बारा वर्षे थांबण्याचे कारण नाही.